चार नंबरचा गठ्ठा

ती माझी सख्खी बहीण, माझ्या पाठची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी विचारायला नको की हा कोण लागून गेला एवढं ठासून सांगणारा. मी सातवीपर्यंत शिकलो, ती दहावीपर्यंत. पण आमच्या घराण्यात नजर आहे, आणि ती सगळी एकट्या तिच्याच वाट्याला आली. शर्टाच्या कारखान्यात ती चेकर आहे. शिवून आलेला माल तपासायचा, नीट असेल तर पास करायचा, चूक असेल तिथे लाल बाणाचा छोटासा स्टिकर चिकटवून परत पाठवायचा, हे तिचं काम. अकरा वर्षं झाली. कारखान्यात तिला सगळे 'दुर्बीण' म्हणतात. सुटलेला एक टाका ती चालता चालता हेरते. मी त्याच कारखान्याची गाडी चालवतो, कापडाचे तागे आणतो, शर्टांची खोकी पोचवतो. आणि जिथे गाडी थांबेल तिथे सांगतो, दुर्बीण म्हणजे आपली बहीण बरं का.

सांगायचो, असं म्हणायला हवं.

तिला लहानपणापासून एकच खोड. जो हरतोय त्याची बाजू घ्यायची. टीव्हीवर मॅच लागली की आधी बराच वेळ गप्प बसायची. कोण मागे पडतंय ते कळलं की मग त्याच्यासाठी जीव टाकायची. आणि तेच लोक पुढे जायला लागले की हिचा उत्साह गेलाच! निघाली दुसरीकडे. आम्ही म्हणायचो, "अगं, एका जागी बस ना कुठेतरी!" तर म्हणायची, "आता त्यांना माझी काय गरज?"

शाळेत धावण्याच्या शर्यतीत मी पहिला आलो होतो. पहिला म्हणजे कसा, दुसऱ्याला माझी फक्त पाठ दिसली. मास्तरांनी खांद्यावर उचललं मला. वरून बघतोय तर ही कुठे? मैदानाच्या पार त्या टोकाला. एक पोरगा अजून अर्ध्यावरच धापा टाकत होता आणि ही त्याच्या बाजूने पळत पळत ओरडत होती, "आलंच, आलंच, अजून थोडं!" घरी आल्यावर मी दोन दिवस बोललो नाही तिच्याशी. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "दादा, तुझ्यासाठी टाळ्या वाजवायला अख्खी शाळा होती की."

मनाने मोठी आहे म्हणून मीच सोडून दिलं. आई पण तेच म्हणायची, मन मोठं आहे पोरीचं. सगळेच म्हणायचे. ऐकून ऐकून तिलाही ते पटलं असणार.

तर त्या कारखान्यात दीड वर्षापूर्वी एक माणूस कामाला लागला. लांबून आलेला, चाळिशीचा, बारीक अंगाचा. बोलायला लागला की शब्द शोधत बोलायचा, त्यामुळे लोक त्याचं वाक्य त्याच्या आधीच पुरं करून टाकायचे. पहिल्या दिवशी कुणीतरी म्हणालं, "या पाहुणे, बसा," आणि नाव तेच पडलं. दीड वर्ष झालं तरी पाहुणाच. संडासाच्या दाराजवळचं, तेल गळणारं मशीन त्याला दिलं. ते मशीन नव्या माणसाला द्यायची रीतच होती, पण बाकीच्यांना दोन-चार महिन्यांत बदलून मिळायचं. याला कुणी दिलं नाही, आणि यानेही मागितलं नाही. डबा जिन्याच्या पायरीवर बसून एकटाच खायचा. बायको आणि दोन मुली तिकडे लांब, गावी. नोकरी पक्की झाली की आणीन म्हणायचा. पण पक्की होते कुणाची? ऑर्डर कमी झाली की सुपरवायझर बोट करून सांगायचा, तू, तू आणि तू, पुढच्या आठवड्यात येऊ नका. त्या बोटात पाहुणा दोनदा आला होता.

आता अशा माणसाला आमची बाई सोडते होय? पहिल्याच आठवड्यात त्याला ट्रायलला म्हणून कॉलरवर बसवलं होतं. तिने त्याच्या कॉलरी बघितल्या. माल बरा होता, पण हा उजव्या टोकापासून शिवायला सुरुवात करायचा. आमच्याकडे सगळे डावीकडून करतात. कुठून सुरुवात केली ते साध्या माणसाला दिसत नाही, तिला दिसतं. मशीनने वेग घ्यायच्या आधीचे पहिले पाच-सहा टाके जरा दाट पडतात म्हणे. ती त्याच्याजवळ जाऊन हळूच म्हणाली, "इथे डावीकडून सुरू करतात. साहेब ओरडतील तुम्हाला. मी बोलले म्हणून सांगू नका." तो मान हलवून म्हणाला, "बरं बाई." मग त्याला कॉलरवरून काढून कफवर बसवलं, आणि तो तिथेच राहिला. ती हे बोलणं विसरून पण गेली.

पण तिचा जीव मात्र गुंतला. म्हणजे तसला गुंतला नाही, वाकडा अर्थ काढू नका. तिचं लग्न झालंय, तिचा नवरा बाहेरगावी जहाजाच्या धक्क्यावर कामाला असतो, महिन्याने येतो, तोवर ती आमच्याकडेच असते. मी म्हणतोय ते हे की घरी आली की पाहुण्याच्याच गोष्टी. आज त्याला असं बोलले, आज त्याच्या खुर्चीवर कुणी ओलं फडकं ठेवलं. माझी बायको एकदा वैतागून म्हणाली, "अहो वन्सं, त्या माणसाला कधी विचारलंत का, एवढं वाईट वाटतंय का त्याला?" ही म्हणाली, "वहिनी, काही गोष्टी न विचारता कळतात." मी पण म्हणालो, कळणारच, नजर कुणाची आहे!

मग या वर्षी सॅम्पल रूमचे म्हातारे मास्तर निवृत्त झाले. सॅम्पल रूम म्हणजे जिथे नव्या ऑर्डरचा पहिला शर्ट शिवतात. एकच मशीन, एकच खुर्ची, खिडकी, पंखा, आणि नोकरी पक्की. ती खुर्ची कुणाला द्यायची यावर बरीच ओढाताण झाली, शेवटी मालकाने ठरवलं, शर्यत लावा. एक तास, फक्त कॉलरी. ज्याच्या जास्त कॉलरी पास होतील तो बसेल. कोणी भाचा-पुतण्या घुसवला असं व्हायला नको म्हणून शिवणाऱ्यांनी चिठ्ठ्या उचलायच्या, गठ्ठ्यांवर फक्त नंबर, आणि चेकरने आत बसून तपासायचं. कुणाचा नंबर कोणता ते एकट्या सुपरवायझरला माहीत. चेकर कोण? हे काय विचारणं झालं? त्या दिवशी मी गाडी घेऊन सहा ठिकाणी गेलो आणि सहाही ठिकाणी सांगितलं, आज अख्ख्या कारखान्याचा न्याय माझी बहीण करतेय.

पाच जण बसले. पाहुण्यानेही नाव दिलं तेव्हा सगळे हसले. "पाहुणे, कफ नाहीत हो, कॉलर आहे कॉलर!" जिंकणार म्हणून सगळ्यांनी धरलेला माणूस वेगळाच होता. त्याला 'रॉकेट' म्हणतात. हात असा चालतो की मशीनच दमेल. मनाने वाईट नाही, पण आवाज मोठा आणि टाळ्या घ्यायची सवय. (त्याच्यात आणि माझ्यात फरक एवढाच की मला शिवता येत नाही, असं माझी बायको म्हणते.)

पुढचं मला बहिणीने स्वतः सांगितलं.

तपासणीच्या खोलीत ती एकटी, समोर ट्यूबलाइट आणि पाच गठ्ठे. पहिला सरळ होता. दुसरा उघडला तर काम एकदम स्वच्छ आणि भराभर केलेलं, डावीकडून सुरू. तिच्या मनात आलं, हा रॉकेट. तिसराही डावीकडून. चौथा गठ्ठा उघडला आणि पहिल्याच कॉलरीवर तिचा अंगठा थांबला. दाट टाके उजव्या टोकाला. दुसरी, तिसरी, सगळ्या उजवीकडून. अख्ख्या कारखान्यात उजवीकडून सुरू करणारा माणूस एकच.

आणि गठ्ठा जाडजूड होता! बासष्ट कॉलरी. पाहुण्याने एका तासात बासष्ट! तिला म्हणे आनंदाने रडू येईल असं झालं. मग तिने तपासायला घेतलं. कॉलर मधोमध दुमडायची, दोन टोकं एकमेकांवर ठेवायची, कमीजास्त आहेत का बघायचं. एकीची टोकं जुळेनात. तिने बाण लावला. पुढे आणखी एकीची जुळेना. एकीत टाका सुटलेला. एकीत दोरा ओढला जाऊन कड चुणलेली. तिचा हात बाणाच्या पाकिटावर गेला आणि तिथेच राहिला.

"दादा," ती मला म्हणाली, "मी मनात म्हटलं, बाकीच्यांना मशीन चांगलं मिळालं, याला गळकं. बाकीच्यांना सराव, याला दीड वर्ष कफ. मग तीन कॉलरींची सूट दिली तर तो अन्याय कसा? मला वाटलं, मी कुणाचं तरी देणंच देतेय."

तिने त्या तीन कॉलरी पासच्या ढिगात ठेवल्या. बरं, तेवढ्यावर भागलं नाही. दोन नंबरचा गठ्ठा रॉकेटचा म्हणून धरला होता ना, तो पुन्हा ओढला. त्यात दोन कॉलरी अशा होत्या की एरवी बोटाने दाबून तिने सोडून दिल्या असत्या. केसाएवढा फरक. त्यांना बाण लावले.

निकाल सुपरवायझरने शिवणघरात उभं राहून वाचला. चार नंबर, एकसष्ट पास, पहिला. दोन नंबर, एकोणसाठ, दुसरा. ती दाराशी उभी होती, पाहुण्याकडेच बघत. चेहरा कसा होतो ते तिला बघायचं होतं. पाहुणा शांत बसलेला. सुपरवायझरने कागद उलटा केला आणि म्हणाला, "चार नंबर म्हणजे आपला रॉकेट!"

शिट्ट्या, टाळ्या, टेबलं बडवणं. रॉकेट खुर्चीवर चढला. आणि वर उभं राहून, मन मोठं करून, तो ओरडला, "थांबा, थांबा! एक गोष्ट सांगायची राहिली. ही युक्ती पाहुण्याची बरं का! उजवीकडून सुरू केलं की कॉलर एकदा कमी फिरवावी लागते. गेल्या महिन्यात पायरीवर बसून त्यानेच दाखवली मला. मी घरी बायकोच्या मशीनवर सराव केला आणि आजच्यासाठी राखून ठेवली होती. वाजवा पाहुण्यासाठी टाळ्या!"

लोकांनी वाजवल्या. पाहुण्याने उठून सगळ्यांना मान लववली.

गर्दी पांगली तशी ती पाहुण्याच्या मशीनजवळ गेली. "तुमचा नंबर कोणता होता?"

"दोन, बाई."

"तुम्ही उजवीकडून नाही शिवलंत?"

तो गोंधळला. मग हसला. "तुम्हीच सांगितलं होतं ना. इथे डावीकडून. मी रोज जेवणाच्या सुट्टीत चिंध्यांवर सराव करत होतो. सवय मोडायला वेळ लागला." आणि वर म्हणाला, "दुसरा आलो. वाईट नाही ना, बाई?"

ती तशीच वळून निघून आली.

संध्याकाळी मी घरी आलो तो हवेतच. येताना तीन ठिकाणी चहा पिऊन सांगून आलो होतो की निकाल कसा चोख लागला. ही स्वयंपाकघरात पाटावर बसलेली, अजून कामावरच्या कपड्यांतच, आणि माझी बायको भांडी तशीच टाकून तिच्यासमोर उभी. मला बघून बहिणीने सगळं सांगितलं. वर लिहिलंय तेच, जरा तुटक तुटक.

आता मी जे बोललो ते लिहायला हात जड होतो. पण तिची गोष्ट सांगायची आणि माझी गाळायची, असं करता येत नाही.

मी म्हणालो, "कुणाला कळलंय का?"

"नाही."

"मग गप्प बस. अकरा वर्षांचं नाव आहे. दुर्बीण म्हणतात तुला. तीन कॉलरींसाठी ते धुळीला मिळवणार? मी लोकांना काय तोंड दाखवू? आणि तो माणूस पाहुणा आहे, आज आहे, उद्या नाही. दुसरा आलोय म्हणून खूश आहे म्हणतेस ना, मग झालं तर."

बायको माझ्याकडे बघतच राहिली. "अहो, त्याच्या मुली यायच्या थांबल्यात तिकडे. तुम्हाला चहाच्या टपरीवरचं तोंड महत्त्वाचं?"

मी तिला म्हणालो, तू मध्ये पडू नकोस. नेहमीचं वाक्य. ती पडली नाही, भांडी घासायला लागली, नेहमीपेक्षा जोरात.

बहीण नखाने पाटाची कड कुरतडत होती. मग म्हणाली, "दादा, मला सगळ्यात कशाची लाज वाटते सांगू? फसवलं त्याची वाटतेच. पण दोन नंबरच्या कॉलरी हातात घेतल्या तेव्हा मनात आलं होतं, वा, काय सुंदर काम आहे. आणि त्याच क्षणी ठरवून टाकलं की हे त्याचं नसणार. दीड वर्ष मी त्याची बाजू घेत होते ना, पण तो जिंकेल असं मला एकदा पण वाटलं नाही. तो हरणारच, हे धरूनच मी त्याची झाले होते."

"तू मनाने मोठी आहेस म्हणून..." मी सुरू केलं.

"नको म्हणूस," ती म्हणाली. "आयुष्यभर सगळ्यांनी तेवढंच म्हटलं मला."

असं ती माझ्याशी कधी बोलली नव्हती. मी न जेवताच अंथरुणावर जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती माझ्या गाडीतून आली. घंटा व्हायच्या आधीच ती सुपरवायझरकडे गेली. मी तागे उतरवायच्या निमित्ताने शिवणघराच्या दारातच रेंगाळलो. गठ्ठे अजून कपाटात बांधलेले होते. तिने चार नंबरचा गठ्ठा सोडला, तीन कॉलरी बाहेर काढल्या आणि टेबलावर मांडल्या. दोन नंबरमधल्या दोन वेगळ्या काढल्या. मग सगळ्यांसमोर, हळू पण नीट ऐकू येईल असं सांगितलं की मी काय केलं आणि कुणासाठी केलं.

रॉकेट तणतणत आला. "म्हणजे काय? मी जिंकलोय! माल दाखवा आधी!" त्याने एक कॉलर उचलली, दुमडली, टोकं बघितली. दुसरी बघितली. त्याचा आवाज उतरला. "या पास होण्यासारख्या नाहीतच," तो म्हणाला, आणि कॉलर खाली ठेवून जागेवर जाऊन बसला. तोही कारागीर आहे शेवटी.

सुपरवायझरने पुन्हा मोजलं. दोन नंबर एकसष्ट, चार नंबर अठ्ठावन्न. सॅम्पल रूमची किल्ली त्याने पाहुण्याच्या हातात दिली, आणि माझ्या बहिणीला म्हणाला, "तुम्ही आजपासून दोरे कापायच्या टेबलावर. चेकिंगचं नंतर बघू." दोरे कापायचं टेबल म्हणजे जिथे नव्या पोरी बसतात. ती "हो साहेब" म्हणाली. टाळ्या कुणी वाजवल्या नाहीत. ना त्याच्यासाठी, ना कुणासाठी.

पाहुणा किल्ली मुठीत धरून तिच्यासमोर उभा राहिला. मला वाटलं, आभार मानेल. खरं सांगतो, मी वाटच बघत होतो, त्याने आभार मानावेत आणि माझी मान जरा वर व्हावी. तो शब्द शोधत होता, आणि या वेळी त्याचं वाक्य कुणी मध्येच पुरं केलं नाही.

"बाई," तो म्हणाला, "चार नंबरात खराब कॉलरी दिसल्या. तरी तुम्हाला वाटलं, हे माझंच काम?"

"शिलाई उजवीकडून होती..." ती म्हणाली.

"हो. पण खराब होत्या. आणि तुम्हाला शंका नाही आली."

मी दारात, खांद्यावर तागा. मला वाटत होतं काहीतरी बोलावं तिच्या बाजूने, तिचा मोठा भाऊ आहे मी, पण जीभ उचललीच नाही.

तो रागावलेला पण दिसत नव्हता. आपल्या मशीनपाशी गेला, बसायची उशी काखेत घेतली, गळलेलं तेल फडक्याने पुसलं आणि मशीनांच्या रांगांमधल्या वाटेने सॅम्पल रूमकडे चालायला लागला. घंटा झाली. माझी बहीण दोरे कापायच्या टेबलापाशी गेली. तिथल्या पोरींनी सरकून तिला जागा करून दिली.